दुपारी चारचा नमुना : कोंबड्या आणि रानपाखरांच्या परजीवींची नोंदवही

१२ जून २०२४

वही आजपासून सुरू.

आक्काची वस्ती सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावापासून चारेक किलोमीटर आत. आक्का म्हणजे माझी थोरली मावसबहीण, त्यामुळं निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी तिथं माझा हुद्दा 'बाळ्या'च. तिच्याकडं ३८ गावरान कोंबड्या. दिवसभर उकिरड्यावर नाहीतर ज्वारीच्या रानात, रात्री लाकडी खुराड्यात. भाच्यानं त्याच आवारात पत्र्याचं शेड टाकलंय. मागच्या लॉटची बरीच पिल्लं चौथ्या-पाचव्या आठवड्यात रक्ती हगवणीनं गेली आणि त्याचं खापर त्यानं चिमण्यांवर फोडलंय. शेडच्या आडव्या पाइपात आणि पत्र्याच्या वळचणीला मिळून सात-आठ घरटी आहेत. वर पारवे बसतात ते वेगळेच.

"मामा, जन्मभर माणसांचं रक्त-लघवी बघितलात, आता जरा पाखरांचं बघा की."

३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. मायक्रोस्कोप घरात आहे, वेळ आहे, आणि दुपारची झोप डॉक्टरांनी कमी करायला सांगितली आहे. मग बघायला काय हरकत?

पशुवैद्यक डॉक्टर जुन्या ओळखीचे. मदत करतो म्हणाले, पण दोन अटी घातल्या. रानपाखरू धरायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते परवानगीशिवाय बसत नाही. शीट घ्यायची ती जमिनीवर पडलेली. दुसरी अट, मेलेलं रानपाखरू दिसलं तर हात न लावता आधी फोन. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला तेव्हाची धावपळ त्यांनी पाहिली आहे.

१८ जून

मिठाचं पाणी तयार केलं. गरम पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकत राहायचं, गाळायचं, गार करायचं. या जड पाण्यात शीट कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि घाण खाली बसते. घनता १.२० च्या आसपास लागते. मोजायला काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी बॅटऱ्या चार्ज करून देणारा बसतो, त्याच्याकडं ॲसिड मोजायची काचेची नळी असते. त्यावर नेमके हेच आकडे. ती नीट धुऊन घेतली. १.१९ आलं. चालेल.

मॅकमास्टर स्लाइड डॉक्टरांनी दिली. २ ग्रॅम शीट, २८ मिलिलिटर मिठाचं पाणी, दोन्ही खणांतली अंडी मोजून ५० नं गुणायचं; एका ग्रॅमला किती अंडी ते येतं. लघवीतल्या पेशी मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं हे हाताला परकं वाटलं नाही.

हिनं स्वयंपाकघरातली गाळणी देणार नाही म्हणून स्वच्छ सांगितलं. बरोबरच आहे. बाजारातून ४० रुपयांची नवी आणली.

२३ जून

सकाळी सातला वस्तीवर. रात्री दोन पाऊस पडून गेलेत, जमीन ओली.

गावरान कोंबड्यांचे १० नमुने घेतले. सातांत गोल जंतांची अंडी. जाड कवचाची, लांबट, आत दाणेदार एकच पेशी. अस्कॅरिडिया गॅली असावा. पण अंधनळीत (आतड्याच्या शेवटच्या बंद पिशवीत) राहणाऱ्या हेटरॅकिसची अंडी जवळपास तशीच, किंचित लहान. नुसत्या अंड्यावरून ठामपणे लिहू नये, म्हणून नोंदीत 'अस्कॅरिडिया किंवा हेटरॅकिस' इतकंच ठेवलं.

चिमण्यांच्या घरट्यांखाली काल संध्याकाळी प्लॅस्टिक अंथरून ठेवायला सांगितलं होतं. भाच्यानं ते अंथरलं आज पहाटे, 'काल विसरलो' म्हणाला. पडलेली ताजी शीट घेतली. १२ नमुने, सगळे कोरे.

३ जुलै

चिमण्यांचे आणखी १५ नमुने, सकाळी सात ते आठ. पुन्हा कोरे. पानाच्या तळाशी 'चिमण्या स्वच्छ' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा खोडत नाही, राहू देत.

भाच्याची २०० गिरिराज पिल्लं २७ जूनला आली. ब्रूडरखाली आहेत. खाली तूस टाकलंय. पाण्याची भांडी जमिनीलगत आहेत, पिल्लं पाय देऊन उलटी करतात. बोललो. 'वर टांगतो' म्हणाला.

११ जुलै

आज वस्तीवर पोचायलाच दुपार झाली. मोटारसायकल तुळजापूर रोडवर पंक्चर. नमुने घेतले तेव्हा चार वाजून गेले होते. सकाळची वेळ हुकली म्हणून चिडचिड करतच चिमण्यांचे ९ नमुने उचलले.

घरी येऊन स्लाइड लावली आणि पहिल्याच नमुन्यात गोल, काचेच्या गोळीसारखे ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची शिटेतून बाहेर पडणारी, अंड्यासारखी कवचातली अवस्था. एका खणात मोजता मोजता थकलो. दुसऱ्यात तेच. ९ पैकी ६ नमुने भरलेले. आठ दिवसांपूर्वी याच घरट्यांखाली एक नव्हता.

आधी वाटलं, भांडी नीट धुतली नाहीत. मग डॉक्टरांना फोन केला. ते हसले. "दुपारचे नमुने घेतलेत ना? मग बरोबर आहे." चिमण्या आणि तशा छोट्या पाखरांत कॉक्सिडिया गटातला (कोंबड्यांची रक्ती हगवण याच गटामुळं होते) जो परजीवी राहतो, तो आपले ऊसिस्ट मुख्यतः दुपार कलल्यावरच बाहेर सोडतो. सकाळच्या शिटेत शोधलं तर पाखरू धुतल्या तांदळासारखं दिसतं. कडक उन्हात ऊसिस्ट वाळून मरतात. तिन्हीसांजेला पडले तर रात्रीची ओल मिळते.

यावर मी काय बोलावं? नोकरीच्या सुरुवातीला याच जिल्ह्यात हत्तीरोगाचे रात्रीचे रक्तनमुने घेत मीच हिंडलोय. रात्री दहानंतर लोकांना उठवून बोट टोचायचं, शिव्या खायच्या, कारण त्या जंताची पिल्लं दिवसा रक्तात वर येतच नाहीत. 'दिवसाचा नमुना घेतला तर हत्तीरोग नाहीच असं वाटेल,' हे वाक्य मी शिकाऊ पोरांना किती वेळा ऐकवलं असेल. आणि चिमणीपाशी आल्यावर घड्याळ बघायचं सुचलं नाही.

उत्साहात भाच्याला फोन करून सांगितलं, "चिमण्यांत सापडलं रे." एवढंच वाक्य. पुढचं उद्या सांगू म्हटलं.

१३ जुलै

भाच्यानं काल सगळी घरटी बांबूनं पाडली.

आक्कानं फोनवर सांगितलं. तीन घरट्यांत पिल्लं होती. "उघडीच होती रं, पिसंसुद्धा फुटली नव्हती. मी येईस्तोवर मांजरानं नेली." मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोष माझा आहे. 'सापडलं' म्हणजे काय सापडलं ते कळायच्या आत मी फोन लावला. लॅबमध्ये असं कुणी केलं असतं, अर्धा रिपोर्ट तोंडी देऊन टाकला असता, तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवलं असतं.

१७ जुलै

आषाढी. एस.टी. सगळ्या पंढरपूरला वळवलेल्या, वस्तीवर जाणं शक्य नाही. घरात उपास, आणि आज तरी शिटेच्या बाटल्यांना हात लावू नको अशी ताकीद. दुपारी ही शेजारी भजनाला गेल्यावर लावला.

११ तारखेचे ऊसिस्ट अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवले होते. ताजा ऊसिस्ट म्हणजे कवचातला नुसता गोळा. कुठल्या जातीचा ते सांगता येत नाही. हवा, ओल आणि ऊब मिळाली की तो दोन-तीन दिवसांत पिकतो आणि आत कप्पे पडतात. कोंबडीच्या कॉक्सिडियात, म्हणजे आयमेरियात, चार कप्पे, प्रत्येकात दोन-दोन जीव. चिमणीच्या आयसोस्पोरात दोन कप्पे, प्रत्येकात चार-चार. बेरीज दोन्हीकडं आठच, मांडणी वेगळी.

४० च्या भिंगाखाली एकेक बघत गेलो. दोन कप्पे. दोन. दोन. पन्नास मोजले, सगळ्यांत दोनच.

आयसोस्पोरा. हा चिमणीचा आहे, कोंबडीत वाढत नाही. कोंबडीचे आयमेरियाही चिमणीत वाढत नाहीत. ही मंडळी आपापल्या यजमानाला इतकी चिकटून असतात की कोंबडीचा आयमेरिया टर्कीलासुद्धा लागत नाही. चिमणीच्या पायाला, चोचीला लागून कोंबडीचेच ऊसिस्ट एका शेडमधून दुसऱ्यात जाऊ शकतात, तेवढं नाकारता येणार नाही. पण तेवढं तर भाच्याची चप्पलही करते, आणि चिमणीच्या पायापेक्षा तिच्या तळाला चिखल पुष्कळ जास्त बसतो.

भाच्याला फोन केला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग मामा, आधी का नाही सांगितलात?"

२६ जुलै

पिल्लं ३० दिवसांची. काल रात्रीपासून ११ पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात गोळा होऊन बसलेली. तुसावर जागोजागी रक्ताचे डाग. आज सकाळपर्यंत ४ मेली. घरटी पाडून चौदा दिवस झाले होते. शेडमध्ये चिमणी नाही.

रक्ताळलेल्या शिटेचे ५ नमुने तिथंच तपासले (मायक्रोस्कोप आता डिकीत घेऊन फिरतो). एकातही ऊसिस्ट नाही. भाचा माझ्याकडं बघतोय, मी भिंगातून बघतोय, आणि दाखवायला काही नाही.

डॉक्टर अकराला आले. मेलेलं पिल्लू तिथंच पोत्यावर उघडलं. कोंबडीला दोन अंधनळ्या असतात, आतड्याच्या शेवटी दोन बोटांसारख्या. त्या दोन्ही फुगून काळ्या-तांबड्या झालेल्या, कापल्यावर आत रक्ताची गुठळी. आतल्या बाजूनं पात्यानं किंचित खरवडून घेतलं, सलाइनचा थेंब, काचपट्टी. मग दिसले: पेशींच्या चिंध्यांत द्राक्षाच्या घडासारखे गठ्ठे आणि त्यांतून सुटलेले केळ्याच्या आकाराचे बारीक जीव.

आयमेरिया टेनेला. पिकलेला ऊसिस्ट पोटात गेल्यापासून साधारण पाचव्या दिवशी अंधनळीचं अस्तर फाटून रक्त येतं. नवे ऊसिस्ट शिटेत यायला लागतात सहाव्या-सातव्या दिवसापासून. म्हणजे पिल्लू रक्त टाकत असतं, मरतसुद्धा, तेव्हा शिटेची तपासणी कोरी येऊ शकते. पुन्हा घड्याळ आडवं आलं. या वेळी निदान माझ्या शेजारी ते वाचता येणारा माणूस उभा होता.

डॉक्टरांनी शेड पाहिलं. पाण्याची भांडी अजून जमिनीवरच, भोवतीचं तूस मुठीत धरून दाबलं की ढेकूळ होतंय. शेडमध्ये शिरल्यावर अमोनियानं डोळे चुरचुरले. "ऊसिस्ट पिकायला ओल, ऊब आणि हवा लागते, एक-दोन दिवसांत काम होतं. तुम्ही तिन्ही गोष्टी फुकट दिल्यात." दाराशी फिनाईलची बादली होती, ती बघून ते काही बोलले नाहीत. मी बोललो. ज्या डायक्रोमेटात बॅक्टेरिया टिकत नाहीत त्यात मी हे ऊसिस्ट मजेत पिकवतोय, ते फिनाईलला काय भीक घालणार? त्यांना मारतं ते वाळणं आणि कडक ऊन. सोलापूरला मे महिन्यात दोन्ही मुबलक, पण लॉट आला पावसाळ्यात.

पाण्यातून ॲम्प्रोलियम सुरू केलं. इथं एक गोष्ट कळली ती ठळक लिहून ठेवतो. ॲम्प्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वाची नक्कल करतं. परजीवी ते बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. भाचा पिल्लांना ताकद यावी म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक ओतत होता. म्हणजे एका हातानं परजीवीचं ताट काढून घ्यायचं आणि दुसऱ्यानं पुन्हा वाढायचं. टॉनिक बंद केलं.

ओलं तूस काढून टाकलं, दोघांनी मिळून, संध्याकाळपर्यंत. पाठ गेली.

३१ जुलै

एकूण १९ पिल्लं गेली. दोन दिवसांत नवीन मर नाही. भांडी आता टांगलेली. शिटेत आता ऊसिस्टच ऊसिस्ट, आजारी न दिसणाऱ्या पिल्लांतसुद्धा. पिकवून पाहिले. चार कप्पे.

४ ऑगस्ट

गटारी. उद्यापासून श्रावण, त्यामुळं आज मटण-चिकनच्या दुकानांसमोर सकाळपासून रांगा. मला रांगेत उभं राहायचं नव्हतं, मागच्या दारानं आतडी हवी होती. ओळखीचा दुकानदार आधी माझ्याकडं संशयानं बघू लागला, मग म्हणाला, "न्या की काका, तेवढंच पोतं हलकं." ब्रॉयलरची ६ आणि गावरानची ८ आतडी घेतली. पिशवीवर वेगवेगळ्या गाठी मारल्या.

घराच्या गच्चीवर, जुन्या परातीत. ब्रॉयलरच्या सहाही आतड्यांत एक जंत नाही. आश्चर्य नाही. दीड महिन्याचं आयुष्य, बंद शेड, माती नाही, मुंगी नाही, खाद्यात औषध.

गावरानचं आतडं उभं चिरून पाण्यात सोडलं की खरं चित्र दिसतं. अस्कॅरिडिया उकडलेल्या शेवयांसारखे, पिवळट-पांढरे, बोटभर लांब, ५ आतड्यांत. अंधनळ्यांच्या टोकाला हेटरॅकिस, सेंटिमीटरभर, दोऱ्याच्या तुकड्यासारखे, नीट धुतल्याशिवाय दिसत नाहीत. जूनमध्ये अंड्यांवरून जे सांगता आलं नव्हतं ते इथं सरळ समोर: दोन्ही आहेत.

एक आतडं बाहेरूनच वेगळं लागलं. बोटं फिरवल्यावर ज्वारीच्या कण्यांसारख्या गाठी. टीबी असेल म्हणून क्षणभर हात मागं घेतला. चिरलं, पाण्यात धरलं, तर प्रत्येक गाठीच्या आतल्या बाजूला एकेक चपटा फितीसारखा कृमी डोकं रुतवून लोंबत होता, पाण्याच्या हालचालीबरोबर सगळे एका दिशेला डुलत होते. डॉक्टरांना फोटो पाठवला. रैलिएटिना एकायनोबोथ्रिडा. याच्या गाठी टीबीसारख्या दिसतात म्हणून भल्याभल्यांची फसगत होते.

जेवायला घरात कोंबडीचा रस्सा होता. मी आमटी-भात खाल्ला.

१० ऑगस्ट

फितीचा कृमी कोंबडीकडून कोंबडीला थेट जात नाही. मध्ये मुंगी लागते. काही जातींना भुंगेरा. कृमीचा पिकलेला तुकडा शिटेतून पडतो, मुंग्या तो ओढून नेतात, मुंगीच्या पोटात पिल्लू-अवस्था तयार होते, आणि ती मुंगी कोंबडीनं टिपली की चक्र पुरं.

आक्काच्या खुराड्यामागं धान्याची कणगी, तिच्या बुडाशी मोठ्या डोक्याच्या तांबूस मुंग्यांची रांग. कोंबड्या तिथं उभ्या राहून वाटाणे टिपावेत तशा मुंग्या टिपतात. ५० मुंग्या डबीत घेतल्या, घरी एकेक काचपट्टीवर चिरडून पाहिली. डोळे दुखले. दोन मुंग्यांत पांढुरका गोलसर थेंब, आत आवळून घेतलेलं डोकं. बाकीच्या ४८ ला उगाच मारलं असं म्हणवत नाही, पण वाटलं खरं.

आक्का दर पावसाळ्यात दुकानातून जंताचं औषध आणून पाण्यात घालते. बाटली बघितली: पिपेरॅझिन. ते गोल जंतावर चालतं, फितीच्या कृमीला काही करत नाही. तिची तक्रार बरोबरच होती, "औषध देती की दरसाल, तरी कोंबड्या वाळत्यात." डॉक्टर फितीच्या कृमीसाठी वेगळं औषध देणार आहेत, आणि किती दिवस अंडी विकायची नाहीत तेही लिहून देणार. कणगी हलवायला आक्का तयार नाही. सासूच्या वेळेपासून तिथंच आहे.

२४ ऑगस्ट

श्रावणात आतडी मिळेनात, म्हणून रात्रपाळी. अंडी कमी झालीत आणि दोन कोंबड्यांचे तुरे पांढुरके पडलेत. दिवसा पिसं चाळली तर उवा दिसल्या थोड्या, पण एवढ्यानं तुरा पांढरा पडत नाही.

आता शहाणा झालोय. रात्री साडेअकराला बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावून खुराड्यात. आक्का कंदील घेऊन मागं. लाकडाच्या फटींतून ते निघत होते: चपटे, कातड्यासारखे, सुरकुतलेले, राखाडी. कोंबडीच्या पायावरून वर चढायचे. एकाला रक्त पिताना पाहिलं. पाऊण तासात फुगून निळसर झाला आणि आपण होऊन सुटून फटीकडं चालू लागला. अर्गस पर्सिकस, कोंबड्यांची मऊ गोचीड. दिवसभर फटीत, रात्री जेवायला. फक्त पहिली, सहा पायांची अवस्था पंखाखाली काही दिवस सलग चिकटून राहते.

आक्का म्हणाली, "बया! माझ्या घरात हे, आणि मी पाखरांना बोल लावती."

ही गोचीड बोरेलिया अन्सेरिना नावाचा मळसूत्री जंतू एका कोंबडीतून दुसरीत नेते; ताप, हिरवी हगवण, मर. डॉक्टरांनी पाच कोंबड्यांचं रक्त घेतलं, मी लिशमन रंगानं रंगवून तासभर बघितलं. नाही. ही गोष्ट चांगली झाली.

खुराडं रिकामं करून फटी ज्योतीनं शेकल्या, मग चुना आणि माती लिंपून बंद केल्या. डॉक्टरांनी फवारणी सांगितली तीही केली. ११ गोचिडी जाळी लावलेल्या बाटलीत घरी आणल्या. ही उपाशी किती दिवस जगते ते बघायचंय. पुस्तकं वर्षाहून जास्त म्हणतात.

२२ सप्टेंबर

गणपती-गौरीत काम नाही.

विजापूर वेशीजवळ एक चाचा कबुतरं पाळतात. त्यांच्याकडचं एक पिल्लू गिळेना. चोच उघडली तर घशात पिवळं, पनीर चुरल्यासारखं. काडीला किंचित घासून कोमट सलाइनच्या थेंबात घेतलं, भिंगाखाली धरलं, आणि हसूच आलं. झटके देत, गिरक्या घेत पळणारे नासपतीच्या आकाराचे जीव. बायकांच्या लघवीच्या नमुन्यात असले हजार वेळा पाहिलेत. हा त्याचा पाखरातला भाऊबंद, ट्रायकोमोनास गॅलिनी. कबूतर पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतलं दूध भरवतं, त्यातून आईकडून पिल्लाला जातो. थेंब गार झाला की हालचाल मंदावते, वाळला की संपला. म्हणजे कोंबड्यांपर्यंत पोचायचा रस्ता एकच: पारवे आणि कोंबड्या एकाच भांड्यात पाणी पितात तो.

आक्काच्या अंगणातली दगडी कुंडी आठवली. दोघं तिथंच पितात. ती रोज उपसून वाळवायला सांगितली.

६ ऑक्टोबर

चाचांच्या एका कबुतराच्या पिसांखाली खेकड्यासारखी आडवी पळणारी चपटी माशी. धरायला गेलं की दुसऱ्या पंखाखाली. स्यूडोलिंकिया. माशी आहे म्हणजे रक्तात काही असणार, म्हणून डॉक्टरांनी पंखाच्या शिरेतून थेंब घेतला.

आयुष्यभर माणसाच्या तांबड्या पेशी पाहिल्या, मधोमध फिक्या, आत काही नाही. पाखराची तांबडी पेशी लांबट, मधोमध जांभळं केंद्रक. पहिल्यांदा भिंगाखाली आली तेव्हा स्लाइड चुकली असंच वाटलं. आणि काही पेशींत त्या केंद्रकाला अर्ध्याहून जास्त विळखा घालून बसलेला निळसर परजीवी, अंगावर मलेरियासारखेच काळपट दाणे. हीमोप्रोटियस कोलंबी. मलेरियाचा चुलतभाऊ, फक्त डासाऐवजी ही माशी नेते. माशीच्या पोटात तो कसा वाढतो हे भारतात काम करून १९१५ साली हेलन एडी यांनी मांडलं. बाईंचं नाव मला आजपर्यंत ऐकून माहीत नव्हतं.

रॉस मात्र आम्हाला तोंडपाठ. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. डासाच्या पोटात मलेरिया. आमच्याच रेल्वेलाइनवरचं गाव म्हणून मास्तर फार अभिमानानं सांगायचे. पुढचा भाग ते सांगत नसत: डासातून दुसऱ्या शरीरात मलेरिया जातो हे रॉसनं १८९८ मध्ये कलकत्त्यात सिद्ध केलं ते माणसांवर नाही, पाखरांवर. त्यांत चिमण्या होत्या. १९०२ च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा आहे. भाच्याला हे सांगणार होतो, नाही सांगितलं.

१५ डिसेंबर

तलावावर. वारकरी (काळी पाणपाखरं) पाण्यात मान डोलवत फिरतायत, काठाला शेकाटे, थापट्या बदकं. काठावरची शीट घेतली. इथं मिठाचं पाणी उपयोगी नाही. पानकृमींची अंडी जड असतात, तरंगत नाहीत. साध्या पाण्यात खाली बसवून गाळ बघायचा. दोन नमुन्यांत झाकण असलेली अंडी निघाली. यांना गोगलगाय लागते, कोरड्या खुराड्यात यांचं चक्र पुरं होत नाही. पुढं गेलो.

आज खरं वेगळं दिसलं ते परत येताना. आक्काच्या उकिरड्यावर कोंबड्यांच्या मागोमाग तीन मोर आणि तितरांची एक टोळी, त्याच ढिगात उकरत. आक्का म्हणाली, रोज येतात, ती तूरडाळीची चुणी टाकते.

मोर, तितर, कोंबडी एकाच कुळातले. चिमणीचा परजीवी कोंबडीला चालत नाही, पण हेटरॅकिसला कोंबडी काय आणि मोर काय, दोन्ही चालतात. आणि हेटरॅकिसच्या अंड्यात बसून हिस्टोमोनास नावाचा जीव प्रवास करतो. गांडूळ ती अंडी गिळून साठवतं, गांडूळ कोंबडी खाते, मोरही खातो. कोंबडी बहुधा ते सोसते. टर्की मरते, मोर आजारी पडू शकतो.

सहा महिने मी पाखरांकडून कोंबड्यांकडं काय येतं ते शोधतोय. उलटी दिशा डोक्यातच आली नव्हती. मोराच्या शिटेचे ४ नमुने घेतले. दोनांत तीच जाड कवचाची लांबट अंडी. कुणी कुणाला दिली? अंड्यावर पत्ता नसतो. पण आक्काच्या ३८ कोंबड्या रोज याच ढिगावर शिटतात, आणि मोर तीन आहेत.

आक्काला सांगितलं, चुणी टाकायचीच तर उकिरड्यापासून लांब, रोज वेगळ्या जागी. खुराड्यातलं खत थेट ढिगावर न टाकता खड्ड्यात झाकून तापू द्यायचं. आतल्या उष्णतेनं अंडी मरतात. तिनं ऐकून घेतलं. "मोराला बी जंत व्हत्यात व्हय?" एवढंच विचारलं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी, आवाज घरापर्यंत येतोय. भाचा तिळगूळ द्यायला आला होता. जुलैनंतरच्या नव्या लॉटमध्ये आतापर्यंत ६ मर, रक्ती हगवण नाही. तूस कोरडं आहे, मी परवा मुठीत दाबून पाहिलं. वळचणीला चार घरटी परत झालीत. पाडली नाहीस का, असं मी विचारलं नाही, त्यानंही विषय काढला नाही. जाताना म्हणाला, "दुपारी चारला येत जावा मामा, तुमच्या चिमण्यांचं."

कणगी अजून तिथंच आहे.

हिनं सण म्हणून कपाट आवरायला काढलं आणि पुस्तकांमागं जाळीची बाटली सापडली. "हे घरात?" म्हणाली, त्यापुढचं लिहीत नाही. २४ ऑगस्टपासून थेंबभर रक्त नाही, पाणी नाही. सगळ्या ११ तळाशी चपट्या, कोरड्या, मेल्यासारख्या. टाकून द्यायच्या आधी जाळीवर तोंड नेऊन हळूच एक श्वास सोडला.

थोडा वेळ काही नाही. मग एकीचा पाय हलला. मग दुसरीचा. मिनिटभरात ९ जणी काचेवरून माझ्या तोंडाच्या दिशेनं वर चढत होत्या.